प्रत माहितीसाठी आणि कार्यवाहीसाठी

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं द्वारका! बोल… नाही, नको, तू बोलूच नकोस. आधी माझं ऐक. गेले! सगळेच्या सगळे गेले!

अगं माणसं नाहीत गं, फॉर्म! शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म. अडतीसच्या अडतीस! शेवटचा पाच बावन्नला गेला. ती हिरवी ओळ येते ना स्क्रीनवर, अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला… ती आली आणि मी खुर्चीतच बसून राहिले.

हो, हो, बघितले तुझे मिस्ड कॉल. सहा. कशी उचलणार? फोन माझा सकाळी कॉम्प्युटरला बांधलेला होता, दुपारनंतर ओटीपीसाठी कानाला… सांगते ना. तू कुठे आहेस? किती आवाज येतोय… बसमध्ये? बरं, मग तुला वेळच आहे. ऐक.

तुझ्या शाळेचं नंतर सांग. कोथरूडची शाळा कुठे पळून जात नाही. आधी माझ्या वारज्याचं ऐक, नाहीतर पोट फुटेल माझं.

तर… आमचं नेट बंद, हे तुला माहितीये. ऑगस्टपासून… हो, तेच पत्र. शाळांच्या इंटरनेट अनुदानाचा निधी पुढील आदेशापर्यंत गोठवण्यात आला आहे. एवढी एक ओळ, आणि आमची कॉम्प्युटरची खोली बंद. तीन महिने कुलूप होतं गं. मुलं खिडकीतून डोकावून मशीन बघायची.

अनुदान एप्रिलपासूनच नव्हतं, ते वेगळं. पण एप्रिल ते ऑगस्ट नेट चालू तरी होतं. पत्र आलं आणि दोन दिवसांत लाइन गेली. मी म्हटलं, साहजिकच आहे. पाच महिने त्या माणसाला दमडी दिलेली नाही, तो किती दिवस फुकट देईल?

कोण म्हणजे? करीमभाई. पुलाच्या अलीकडे दुकान आहे बघ, केबलचं आणि इंटरनेटचं… तेच, दाढीवाले. आणि अगं मला इतकी लाज वाटायची ना, की मी गाडीचा रस्ता बदलला. दुकानासमोरून जायला नको म्हणून रोज मागच्या गल्लीतून, त्या तीन स्पीडब्रेकरवरून कंबर मोडत जात होते. तीन महिने!

अं?… हो, कळलं, तुमचंही बंद आहे. म्हणालीस ना मागे. थांब जरा, मुद्द्यावर येते.

मुद्दा असा की ह्या मुलांना मीच थांबवलं होतं. बाहेर सायबर सेंटरवर जाऊ नका, तो फॉर्मचे दोनशे रुपये घेतो, आपल्या शाळेत सरकारी नेट आहे, मी सगळ्यांचे फॉर्म भरून देते. क्लार्क असून वर्गात जाऊन सांगितलं होतं मी, जुलैमध्ये. काय तो तोरा माझा! आणि ती अपेक्षा आहे ना… अगं आठवीतली, मार्केट यार्डात वडील हमाली करतात, गणितात सगळ्यांच्या पुढे असते ती… ती तर दोनशे रुपये घेऊन निघाली होती. मी फाटकात अडवून परत पाठवली तिला. म्हटलं, वडिलांना परत दे.

आणि आज शेवटची तारीख.

हो ना! आधी का नाही भरले? कारण हेडसर! आमचे इंद्रजीत सर. "मार्गदर्शन मागवलंय वरून, येईल उत्तर." मार्गदर्शन! तीन स्मरणपत्रं गेली. उत्तर काय आलं माहितीये? "आपले पत्र प्राप्त झाले." बस्स. ते जपून ठेवलंय फाइलला.

मग आज सकाळी सर म्हणाले, मोबाइलवरून नेट द्या कॉम्प्युटरला, सोप्पं आहे. म्हटलं, बरं. आधी देशमुख बाईंचा फोन जोडला. दहा मिनिटांत डेटा खलास. मग पीटीच्या सरांचा. खलास. मग माझा… फॉर्म एकही नाही! मला कळेना, हे चाललंय काय. अगं ती मशीन! तीन महिन्यांत नेट दिसलं नव्हतं त्यांना. दिसल्याबरोबर सगळी मिळून अपडेट व्हायला लागली. निळ्या पडद्यावर ती टिंबं गोल गोल फिरतायत… "कृपया संगणक बंद करू नका." बंद करू नका म्हणे! दुष्काळातून आल्यासारखी जेवत होती मेली.

हसू नकोस. बारा वाजले होते तेव्हा, आणि अडतीस मुलं ओळीने बाहेर बसलेली, हातात फोटो आणि आधारची झेरॉक्स. मला त्यांच्याकडे बघवेना.

सेंटर? गेले होते ना. दोनशे रुपये मीच भरते म्हटलं, बसू द्या मशीनवर. तो म्हणतो, मॅडम, सात शाळांचे क्लार्क बसलेत आत, तुमचा नंबर साडेनऊला. रात्री! आणि पोर्टल बाराला बंद. अडीच तासांत अडतीस फॉर्म कसे बसवणार मी?

हं… हं… अगं हो, तू पण गेली असशील सेंटरवर. सगळेच गेले होते. ऐक ना पुढे.

मग मी म्हटलं, आता लाज गेली चुलीत. गाडी काढली आणि पहिल्यांदा तीन महिन्यांनी सरळ रस्त्याने गेले, करीमभाईंच्या दुकानात. मनात पाठ करत होते, भाईसाहेब, एक दिवसापुरती लाइन द्या, बिल माझ्या पगारातून कापा, हातापाया पडते… दुकानात शिरले तर ते वायर सोलत बसलेले. वर बघितलं आणि काय म्हणाले असतील?

"या मॅडम. आली का आठवण?"

असं कोरडं! मी म्हटलं, करीमभाई, पाच महिन्यांचं बिल राहिलंय, मला कळतंय, तुम्ही लाइन कापलीत त्यात तुमची काही चूक नाही, पण… तर ते म्हणतात, "बिल? बिलाचं कोण बोललं?"

हो ना, बिलाचं नाहीच!

म्हणतात, "मॅडम, मी ह्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलोय. माझी मुलगी जिनत तिथूनच दहावी झाली. पाच महिने मी बिलाचा एक फोन केला का तुम्हाला? एक मेसेज? सरकारचे पैसे आज ना उद्या येतात, मला माहीत नाही का? मी कापणार नव्हतोच. पण तुम्हीच पत्र पाठवलंत, बंद करा म्हणून."

मी म्हटलं, आम्ही? कुठलं पत्र?

अगं द्वारका, त्यांनी खण उघडला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेला कागद काढला. आमचं लेटरहेड. आमचा गोल शिक्का. जावक क्रमांक माझ्या अक्षरात!

तेच पत्र गं! मी टाइप केलेलं. आठवतंय का, ऑगस्टमध्ये निधी गोठवल्याचं परिपत्रक आलं, तेव्हा सर म्हणाले, सगळ्यांना कळवा. मी मसुदा केला. "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की सदर योजना पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात आली असून…" तूच म्हणालीस ना, नम्रता, काय झकास लिहितेस गं.

हां, तर त्याच्या खाली काय, आपली नेहमीची यादी. प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी. एक, संस्थेचे अध्यक्ष. दोन, शाळा समिती. तीन, संगणक शिक्षक. आणि चार… इंटरनेट सेवा पुरवठादार!

अगं मुद्दाम कोण घालेल? आपण काय करतो? जुनं पत्र उघडायचं, विषय बदलायचा, तारीख बदलायची, मधला मजकूर बदलायचा. खालच्या यादीला हात कोण लावतो? लाइन सुरू झाली तेव्हाच्या पत्राची यादी होती ती. त्यात पुरवठादार होता, तो तसाच राहिला. शिपायाने इमानदारीत चारही प्रती वाटल्या आणि पोच घेतली. करीमभाईंची सही आहे गं माझ्या पोच वहीत! तीन महिने माझ्या टेबलावर होती ती वही!

म्हणजे बघ. वरच्यांनी पैसे गोठवले, ते खरं. पण नेट बंद केलं कोणी? मी! आणि कोणाला शिव्या देत होते मी तीन महिने? सगळ्यांना. देशमुख बाईंना म्हटलं होतं मी, एसीत बसून एक ओळ लिहितात आणि इकडे पोरांचं नुकसान होतं. आणि माझी ती ओळ? पंख्याखाली बसून लिहिलेली, एवढाच फरक.

तू काहीतरी म्हणतेयस का?… नाही, येतोय आवाज, मधेच तुटतोय. सांग हं, हे संपवते आणि तुझं ऐकते. झालंच.

त्या माणसाला वाईट वाटलं होतं गं. म्हणाले, "मी वाचलं, योग्य ती कार्यवाही. आता मी काय कार्यवाही करणार? माझ्या हातात एकच गोष्ट, तार काढायची. काढली. म्हटलं, शाळेला आपली लाइन नको असेल. तोंडाने सांगितलं असतंत तरी चाललं असतं, शिक्का कशाला मारायचा?"

मला तिथेच रडू आलं. खरंच. त्या वायरींच्या भेंडोळ्यात उभी राहून रडले. त्यांनी स्टूल दिलं, चहा मागवला. मी म्हटलं, करीमभाई, चूक झाली, आत्ता लावा लाइन. तर म्हणतात, "लावतो की. पत्र द्या."

पत्र! मी म्हटलं, अहो अडतीस मुलं बसलीत बाहेर! म्हणाले, "मॅडम, बंद करायला शिक्क्याचा कागद दिलात, चालू करायलाही द्या. उद्या कोणी विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून चालू केलं, तर मी काय दाखवू? तुमची फाइल असते, तशी माझी पण आहे." आणि द्वारका, बरोबर होतं गं त्यांचं. मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मग पळत परत शाळेत. सर जेवायला बसलेले. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली सरांच्या पँटच्या खिशात, सरांचे हात भाजीने माखलेले. डाव्या हाताने किल्ली काढून दिली बिचाऱ्यांनी. हाताने चार ओळी खरडल्या मी, सही घेतली, शिक्का मारला. तर सर काय विचारतात? "अहो, खाली प्रत कोणाला ते राहिलं."

मी म्हटलं, कोणालाही नाही, सर! कोणालाही नाही!

ओरडलेच मी. हेडसरांवर. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते घास हातात घेऊन बघतच राहिले.

मग पुढे सगळं सुरळीत. करीमभाई स्वतः आले, खांबावर चढले, दोन वाजून दहा मिनिटांनी नेटच्या त्या डबीचा दिवा हिरवा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या गं! डबीसाठी टाळ्या!

आणि मग बसले मी. एक फॉर्म पाच मिनिटं. फोटो अपलोड, सही अपलोड, पालकांचा ओटीपी. तुला सांगते, ओटीपीने जीव खाल्ला माझा. कोणाचे वडील रिक्षात, कोणाची आई धुण्याभांड्याला. अपेक्षाचा फॉर्म शेवटी ठेवला होता, कारण तिचे वडील फोनच उचलेनात. मार्केट यार्डात ट्रक लागला होता, शर्ट खिळ्याला अडकवलेला, शर्टात फोन. शेवटी दुसऱ्याच कुणी हमालाने उचलला आणि हाक मारली, ओ ज्ञानदेव, शाळेतून फोन हाय! तो माणूस पाठीवर कांद्याची गोणी घेऊन फोनवर आला गं. म्हणाला, "बाई, येक मिनिट, गोणी टाकू द्या." धप्प आवाज आला मला इकडे. मग एकेक आकडा वाचला, लहान मुलासारखा, सावकाश. पहिला चुकला. दुसऱ्याची वेळ संपली. तिसऱ्या वेळी लागला.

मग मला विचारतो, "झालं का पोरीचं?"

झालं म्हटलं, दादा. गेला फॉर्म. तर म्हणाला, "तुम्ही म्हनला होता ना भरून देते, म्हनून म्या गप होतो."

हं… हो गं. माझ्या शब्दावर विसंबून तो माणूस थांबला होता, आणि मला वाटत होतं मीच उपकार करतेय.

अपेक्षाने पावतीची प्रिंट मागून घेतली, घडी घालून गणिताच्या पुस्तकात ठेवली आणि गेली उड्या मारत. आता मी एकटी बसलेय ऑफिसमध्ये. डबीकडे बघतेय. हिरवा दिवा… हो, अनुदान अजून गोठलेलंच आहे. ते कधी वितळेल कोणास ठाऊक. करीमभाई म्हणाले, मार्चपर्यंत काही विचारू नका, मग बघू. मार्चपर्यंत तरी सुटले मी. इतकं हलकं वाटतंय ना, की मगाशी डब्यातली थंड पोळीसुद्धा गोड लागली.

बरं, संपलं माझं. बोल तू. सहा वेळा फोन कशाला केला होतास?

…काय?

…किती? बावन्न? बावन्न फॉर्म राहिलेत? तुझे? अगं मग मघापासून बोलली का नाहीस!… मी बोलू दिलं नाही? बरं… बरं, माझी चूक. रडू नकोस. द्वारका, रडू नकोस गं, बसमधली माणसं बघतील. थांब. एक मिनिट. तुमचं नेट कधी गेलं?… ऑगस्टमध्येच? पत्रानंतर?

द्वारका… तुम्ही ते सगळ्यांना कळवायचं पत्र काढलं होतं ना? ते कोणी लिहिलं?

…माझं? माझा मसुदा? हो, टाकला होता मी क्लार्कांच्या ग्रुपवर, सगळ्यांना सोपं जावं म्हणून… आणि तू तारीख बदललीस. शाळेचं नाव बदललंस. आणि खालची यादी?… खालची यादी, द्वारका! चार नंबर!

उतर.

बसमधून उतर! आत्ता! कुठे आलीये बस?… कर्वे पुतळा? उतर तिथेच, रिक्षा पकड, परत फीर. अगं पोर्टल बारापर्यंत आहे, आत्ता साडेसहा वाजलेत, साडेपाच तास आहेत तुझ्याकडे! तुमचा नेटवाला कोण?… शाळेसमोरच? मग काय! दुकान कधी बंद करतो?… नऊ. झालंच की मग. त्याने पैशासाठी नाही कापलं, मी सांगते तुला, लिहून देते. त्याच्याही खणात असेल बघ तो कागद. आधी माफी माग हो त्याची, बिलाचं नंतर. आणि तुझे सर?… शाळेच्या मागेच राहतात? देव पावला. शिक्का कुठेय, शिक्का?

…पर्समध्ये? तू शाळेचा गोल शिक्का पर्समध्ये घेऊन फिरतेस?… नाही, नाही, काही बोलत नाही मी, धन्य आहेस तू, ठेव आयुष्यभर पर्समध्ये.

उतरलीस?… हां, आला हॉर्नचा आवाज. मी पण निघते, गाडी काढते, वीस मिनिटांत येते. दोघी बसलो की होतील बावन्न. ओटीपीचं मी बघते, आज हात बसलाय माझा. आणि जाता जाता ग्रुपवर टाकते… अगं, त्या मसुद्याला अंगठे किती आले होते आठवतंय का? चौदा. चौदा शाळा, द्वारका! काय करून ठेवलं मी हे!

हो, हो, जा तू. रिक्षा मिळाली?… बस आत, बस. पत्र रिक्षातच लिही, चार ओळी पुरतात. लाइन पूर्ववत सुरू करावी ही विनंती, एवढंच. आणि द्वारका, खाली ते आपलं नेहमीचं… सवयीने लिहिशील बघ… प्रत कोणालाही…

हॅलो?… हॅलो?